एकाकी झुंजीचे चित्रपट आणि ‘प्रेरणे’चे रसविघ्न

मराठीत चित्रपटांवर जे गंभीर म्हणवणारे लेखन होते, त्यात गेल्या दोन-अडीच दशकांत एक साचा पक्का झाला आहे. एकट्या माणसाने डोंगराशी, समुद्राशी, घळीशी किंवा स्वतःच्या जायबंदी शरीराशी दिलेली झुंज दाखवणारा चित्रपट पाहायचा आणि मग त्या चित्रपटाविषयी न लिहिता तो पाहताना स्वतःला काय काय झाले याविषयी लिहायचे. घशाला कोरड पडली, मुठी आवळल्या गेल्या, आपली दुःखे क्षुद्र वाटू लागली, चित्रपटगृहातून बाहेर पडताना जगण्याचे बळ मिळाले, हा या लेखनाचा ठरलेला क्रम. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत तो चालावा. त्याबद्दल तक्रारीचे कारण नाही. परंतु हाच क्रम आता चर्चासत्रांतील निबंधांत आणि पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पांतही उतरला आहे आणि त्याला ‘आस्वादक समीक्षा’ असे भारदस्त नाव दिले जाते. आस्वाद हा समीक्षेचा पाया आहे हे मान्य करूनही, प्रेक्षकाच्या नाडीचे ठोके मोजणे म्हणजे आस्वाद घेणे नव्हे, एवढे तरी म्हणावेच लागेल.

या चित्रपटांची घडण आधी पाहिली पाहिजे. डॅनी बॉयलच्या ‘१२७ अवर्स’ (२०१०) मध्ये यूटामधील अरुंद घळीत दगडाखाली हात अडकलेला तरुण अखेर स्वतःचा हात कापून सुटतो. आरन राल्स्टन याच्या २००३ मधील प्रत्यक्ष अनुभवावर तो आधारलेला आहे. रॉबर्ट झेमेकिसच्या ‘कास्ट अवे’ (२०००) मधील कुरियर कंपनीचा अधिकारी निर्जन बेटावर व्हॉलीबॉलच्या चेंडूशी बोलत वर्षे काढतो. केतन मेहता यांचा ‘मांझी : द माउंटन मॅन’ (२०१५) गया जिल्ह्यातील गेहलौरच्या दशरथ मांझींची कथा सांगतो, १९६० ते १९८२ अशी बावीस वर्षे छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडून त्यांनी वाट काढली. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘ट्रॅप्ड’ (२०१७) मध्ये मुंबईतील एका रिकाम्या उत्तुंग इमारतीतल्या सदनिकेत एक नोकरदार तरुण कोंडला जातो; तेथे वीज नाही, पाणी नाही, आणि खालच्या गर्दीपर्यंत हाक पोहोचत नाही. हे चारही चित्रपट एका मापाचे नाहीत, त्यांच्या कलागुणांतही पुष्कळ अंतर आहे. तथापि प्रेक्षकाच्या बाजूने पाहता एक गोष्ट चौघांत समान आहे. येथे हालांना कड आहे. एकाच्या तर शीर्षकातच ती तासांत मोजून दिली आहे. तिकीट काढतानाच प्रेक्षकाला सुटकेची हमी मिळालेली असते आणि त्या हमीच्या भरवशावर तो यातनांकडे निःशंकपणे पाहू शकतो.

उदात्ताची मीमांसा करताना कांटने नेमक्या याच सुरक्षिततेची अट घातली होती. कडे, वादळे, ज्वालामुखी यांचे उदात्तत्व जाणवण्यासाठी पाहणारा स्वतः सुरक्षित जागी असावा लागतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने हा सगळा विचार मराठी अभ्यासकांच्या हाताशी आणून ठेवला, त्यालाही आता अर्धशतक लोटले. पण कांटच्या पाहणाऱ्याला त्या क्षणी निसर्गाच्या बळाहून श्रेष्ठ अशा विवेकशक्तीचा, म्हणजे मनुष्यमात्राच्या नैतिक गंतव्याचा, प्रत्यय येतो. आपल्या आस्वादक समीक्षकाला प्रत्यय येतो तो केवळ स्वतःच्या उत्साहाचा. दोहोंत अंतर आहे, आणि ते लहान नाही.

याहून नेमका उलगडा आपल्या परंपरेत मिळतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले दुसरे असे की, जे समोर घडते आहे ते ‘माझेच’ किंवा ‘त्याचेच’ अशा नियमाने विशिष्ट देशकालात बांधून घेणे. आणि तिसरे, निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखांच्या इतका अधीन असणे की समोरच्या नाट्यात त्याची जाणीव स्थिर होऊ नये. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने ही विघ्ने आहेत. नाट्यमंडप, गीत, वाद्य, नटी-सूत्रधार हा सगळा प्रपंच ती दूर करण्यासाठी असतो. आजचे ‘प्रेरणादायी’ चित्रपटावरील लेखन या विघ्नांनाच फलश्रुती मानते. गेहलौरचा डोंगर पाहून ज्याला आपली रखडलेली पदोन्नती आठवते आणि ‘आपणही हा डोंगर फोडू’ असे वाटते, तो अभिनवगुप्ताच्या लेखी रसिक नसून विघ्नग्रस्त आहे.

यावर उत्तर असे दिले जाते की, हेच तर साधारणीकरण. मांझींचा डोंगर सर्वांचा झाला. ही गफलत फार पसरली आहे, म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. साधारणीकरणात दोन्ही बाजूंची विशिष्टता गळते: रामाचे रामत्व मागे पडते तसा प्रेक्षकाचा ‘मी’ही मागे पडतो. प्रेरणेच्या व्यवहारात फक्त एकाच बाजूची विशिष्टता गळते. मांझी मुसहर होते, त्या जातीच्या वस्तीपर्यंत रस्ता आणि दवाखाना न पोहोचण्याला कारणे होती, पत्नीच्या जखमेशी आणि मृत्यूशी त्या डोंगराचा संबंध होता, हे सारे वितळवून टाकले जाते. प्रेक्षकाची नोकरी, त्याची चिंता, त्याची महत्त्वाकांक्षा मात्र जशीच्या तशी शाबूत राहते आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत येऊन बसते. याला साधारणीकरण म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात मुक्कामाला जाऊन त्यालाच बाहेर काढण्यासारखे आहे.

भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘श्रम’ आहे. ‘धृती’ही आहे. स्थायी भावांत या दोहोंपैकी एकही नाही. वीराचा स्थायी भाव उत्साह. श्रम येतो, उत्साहाला पुष्ट करतो आणि निघून जातो. उत्तम प्रकृतीच्या नायकांची व्यवस्था लावणाऱ्या शास्त्रात हे स्वाभाविक होते. नवल याचे की, देहश्रमाला विषय करणारा आजचा चित्रपटही ही व्यवस्था मोडत नाही. वर्षानुवर्षांची फोडझोड एका गाण्याच्या दोन अंतऱ्यांत सरते, सराव करणाऱ्या धावपटूचे ऋतू झरझर बदलतात; श्रम हा विजयाकडे जाणारा संचारी भाव म्हणूनच येतो. ज्यांच्या आयुष्यात श्रम हाच स्थायी आहे त्यांचे काय करायचे, हा प्रश्न शास्त्राने विचारला नव्हता, चित्रपटाने टाळला, आणि समीक्षेने तर तो प्रश्न आहे हेच ओळखले नाही.

वर्धा जिल्ह्यात बसून हा प्रश्न टाळणे कठीण जाते. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांच्या यादीत स्वतःच्या नावाने ओळखला जाई. आजही दिवाळीच्या आगेमागे वेचा सुरू झाला की बायका कमरेला ओटी बांधून सकाळपासून पऱ्हाटीत वाकलेल्या असतात. मजुरी किलोवर, म्हणून हाताची गती हीच मिळकत. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे फाटतात. या देहश्रमाला कळसाध्याय नाही. चाळिसाव्या दिवशी पहिल्या दिवसासारखेच वाकायचे असते आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सहनशक्तीचा हा प्रकार राल्स्टनच्या घळीतल्या पाच दिवसांहून कमी प्रतीचा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. पण त्याने कोणाला ‘प्रेरणा’ मिळाल्याचे वाचनात येत नाही. कारण प्रेरणेला शेवट लागतो, आणि हे संपत नाही.

चित्रपटांच्या प्रसिद्धीतून आलेली आणखी एक सवय येथे नोंदवली पाहिजे. कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) मुरलीकांत पेटकर यांच्यावर आहे. सांगली जिल्ह्यातला हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात त्याने सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले. या मधल्या सेहेचाळीस वर्षांच्या विस्मृतीची चर्चा व्हायला हवी होती. चर्चा झाली ती प्रमुख भूमिका करणाऱ्या कार्तिक आर्यनने शरीर कसे कमावले याची. अभिनवगुप्त नटाला ‘पात्र’ म्हणतो. पेयाची चव भांड्याला कळत नाही, भांडे हे केवळ साधन. आता भांड्याचेच कौतुक करण्यात पेय विसरले जाते. याला अपवाद नाहीत असे नाही. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ (२०१०) मध्ये अतुल कुलकर्णी यांनी केलेला देहपालट हाच आनंद यादवांच्या कथावस्तूचा गाभा आहे: रांगड्या देहाच्या गुणाला नाच्या व्हावे लागते आणि समाज त्याच्या देहावर सूड उगवतो. तेथे शरीर अर्थ वाहते. एरवी ते व्यायामशाळेची जाहिरात असते.

या भूमिकेला सैद्धांतिक आधार असल्याचा दावा करणारेही आहेत. वाचक-प्रतिसादवादाने संहितेचा अर्थ वाचकाच्या अनुभवात घडतो असे सांगितले, तेव्हा प्रेक्षकाची वैयक्तिक प्रतिक्रिया हीच समीक्षा का नव्हे, असा त्यांचा प्रतिप्रश्न असतो. प्रश्न चांगला आहे, वाचन मात्र अपुरे आहे. याउसचे ‘अपेक्षांचे क्षितिज’ एखाद्या काळाच्या वाचकसमूहाचे असते, एखाद्याच्या दैनंदिनीचे नसते. ईझरचा वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो, पण त्या जागा कोठे सोडाव्यात हे संहिता ठरवते. फिश तर वाचकाला अर्थकारी समाजाचा घटक मानतो. म्हणजे या तिघांपैकी कोणाचाही आधार घेतला तरी पुढचा प्रश्न असा येतो: हा प्रेक्षक कोणत्या समूहाचा, त्याच्या अपेक्षा कोणी घडवल्या, आणि त्याला नेमके येथेच रडू का आले? अश्रू हा पुरावा आहे. त्याची तपासणी व्हायची असते. निकाल म्हणून तो वाचून दाखवता येत नाही. सायकल-शर्यतीच्या वर्णनांत वृत्तपत्रे डोंगरांना दैत्य आणि खेळाडूंना महाकाव्यातले वीर कसे करून टाकतात, हे रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये दाखवले. त्यालाही त्या शर्यतीची मोहिनी जाणवत होती. म्हणूनच त्याने ती उकलली.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे ‘एकाकी’ या विशेषणाकडे संशयाने पाहणे. एकाकीपण हे पुष्कळदा वस्तुस्थितीत नसते, चौकटीत असते. १९३० च्या दांडीयात्रेचे नंदलाल बोस यांनी लिनोवर कोरलेले चित्र सर्वपरिचित आहे: काळ्या पार्श्वभूमीवर काठी टेकत निघालेले एकटे गांधी. चित्र म्हणून ते श्रेष्ठ आहे. पण साबरमतीहून निघताना त्यांच्याबरोबर अठ्ठ्याहत्तर सत्याग्रही होते, वाटेत हजारो मिळाले. मुक्काम, भाकरी, पाणी यांची व्यवस्था गावोगावच्या लोकांनी केली. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही या त्या वेळच्या निश्चयामुळेच गांधी पुढे वर्ध्याला आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला आले. सेवाग्रामही एकट्याचे नव्हते. विनोबा १९५१ मध्ये पवनारहून निघाले आणि भूदानाची पदयात्रा करून १९६४ मध्ये पवनारला परतले. तेरा वर्षांची ती चाल देहसामर्थ्याची कमाल मानावी अशीच आहे, परंतु गावागणिक जमीन देणारा आणि घेणारा नसता तर ती नुसती पायपीट ठरली असती. (त्या जमिनींपैकी किती कसणाऱ्याच्या हाती पोहोचल्या हा स्वतंत्र आणि अप्रिय विषय आहे, पण तोही विषय समूहाचाच आहे.)

चित्रपटाच्या बाबतीत ही छाटणी कशी होते याचे उदाहरण याच परिसरातून घेता येते. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ मध्ये हिंगणघाटचा. त्यांनी हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचे नाव ‘लोक बिरादरी’. बिरादरी या शब्दातच एकटेपणाचा नकार आहे. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दोघांना मिळाला. समृद्धी पोरे यांच्या २०१४ मधील चित्रपटाचे शीर्षक मात्र ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो’. एकवचन. चित्रपटात मंदाकिनीताई आहेत, माडिया गोंड आहेत, कार्यकर्ते आहेत, हे खरे. दिग्दर्शिकेची तळमळही नाकारण्याजोगी नाही. तरी शीर्षकाने प्रेक्षकाला काय शोधायचे ते आधीच सांगून ठेवले आहे आणि त्यावरचे बहुतेक लेखन शीर्षकाच्या आज्ञेबाहेर गेलेले नाही.

‘लता भगवान करे’ (२०२०) हा चित्रपट या दृष्टीने अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोलाचा आहे. साठी ओलांडलेली एक कष्टकरी बाई पतीच्या एमआरआय तपासणीला पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावते आणि आपल्या गटात पहिली येते. नवीन देशबोईना यांनी तिची भूमिका तिलाच दिली. सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लताबाईंच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. नट म्हणजे पात्र हे सूत्र येथे अडचणीत येते: पडद्यावर धावणारा देह एकदा गरजेपोटी धावला आहे आणि कॅमेऱ्यासाठी पुन्हा धावतो आहे. हा पेच एवढा विलक्षण आहे की त्यावर स्वतंत्र निबंध व्हावा. त्याऐवजी मिळतात ती इच्छाशक्तीची स्तोत्रे. एका तपासणीची किंमत एखाद्या म्हातारीला शर्यतीत का उतरवते, हा प्रश्न डोळे पुसता पुसता निसटतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी एक विमा योजना चालवली. गावकऱ्यांनी हंगामात ज्वारीच्या रूपाने वर्गणी भरायची आणि त्या बदल्यात उपचारात सवलत घ्यायची. आजारपणाला शर्यतीतून बाहेर काढण्याचा तो एक मार्ग होता. पण ज्वारीच्या पोत्यांचा चित्रपट कसा काढणार? त्यात धावणारे कोणी नाही.

साहित्याच्या क्षेत्रात या व्यवहाराची मुळे आहेत, आणि ती आपल्याच अभ्यासक्रमांत आहेत. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ (१९६५) या नावाने मराठीत आणली, तेव्हापासून ती ‘एकाकी मानवाच्या विश्वात्मक झुंजी’ची प्रमाण संहिता म्हणून शिकवली जाते. त्या कथेत सान्तियागो समुद्रावर असताना त्याला पुन्हा पुन्हा त्या मुलाची आठवण येते, तो बरोबर असता तर, असे वाटत राहते. परतल्यावर त्याला कॉफी आणून देणारा, त्याच्या जखमी हातांकडे पाहून रडणारा तोच असतो. म्हणजे एकाकीपणाची ही आद्य संहिता स्वतःच एकाकीपणाची तक्रार करते. ती तक्रार शिकवण्याच्या ओघात ऐकू येईनाशी होते.

याच्या शेजारी उद्धव ज. शेळके यांची ‘धग’ (१९६०) ठेवून पाहावी. शेळके जन्माने हिंगणघाटचे. ‘धग’मधील कौतिक कर्तृत्वहीन नवऱ्याचा, लेकरांचा, उपाशी दिवसांचा संसार नुसत्या अंगमेहनतीवर ओढते. ती जिद्दी आहे, शहाणी आहे, वेळप्रसंगी कठोर आहे, आणि तिचे प्रत्येक उभे राहणे पुढच्या पडण्याची तयारी ठरते. तिच्या हाती शेवटी माशाचा सांगाडाही लागत नाही. सहनशक्तीची याहून निर्भीड कादंबरी मराठीत फार थोडी असेल. आपण तिला काय म्हणतो? ‘प्रादेशिक’. वऱ्हाडी बोलीचे नमुने, लोकजीवनाचे तपशील, स्थानिक रंग यांच्या याद्या विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या जातात. क्यूबाचा कोळी विश्वात्मक आणि वऱ्हाडातील कौतिक प्रादेशिक, हा निवाडा कोणत्या सौंदर्यशास्त्राने दिला? क्यूबाही एक प्रदेशच आहे. कोळी एकटा दाखवला म्हणून विश्वात्मक झाला. कौतिकच्या भोवती नवरा, मुले, शेजार, बाजार, मजुरी असे सगळे गाव आहे म्हणून ती प्रादेशिक राहिली. माणसाला त्याच्या माणसांपासून सोडवून घेतल्याखेरीज आपल्याला विश्व दिसत नाही, असा याचा अर्थ होतो. (‘धग’ याच नावाचा शिवाजी लोटन पाटील यांचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट आहे, त्याचा या कादंबरीशी संबंध नाही. विद्यार्थी दोहोंची गल्लत करतात, आणि कादंबरी न वाचता ती करता येते, हेही सूचक आहे.)

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आला तेव्हा या सगळ्या सवयी तपासून पाहण्याची उत्तम संधी होती. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसपट्ट्यातील किसना हा शेतकरी. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे, आणि किसनाची बायको अलका हिला भयाने ग्रासले आहे की आपला नवराही तेच करील. ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावते, बाप शेतात जातो तेथे पोर जाते. घरात गोडधोड करून त्याचे मन राखू पाहते. किसनाला हे कळत नाही, कळते तेव्हा वैताग येतो, आणि प्रेक्षकाला हसू येते. ते हसू घशात अडकणारे आहे. पेरणी, हुलकावणी देणारे आभाळ, पुन्हा पेरणी, पुन्हा कर्ज, एवढेच ‘कथानक’. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांचा अभिनय अंग चोरून केलेला, म्हणजे कौतुकासाठी पुढे न सरकणारा आहे.

या चित्रपटाचे मर्म पाहण्याच्या क्रियेत आहे. एकाकी झुंजीच्या चित्रपटात पाहणारा फक्त एक असतो: प्रेक्षक. घळीत, बेटावर, रिकाम्या इमारतीत नायकाला दुसरे कोणी पाहत नाही. त्यामुळे प्रेक्षकाचे पाहणे निर्मळ, निरुपद्रवी आणि काहीसे दैवी वाटते. ‘गाभ्रीचा पाऊस’ ही मक्तेदारी काढून घेतो. येथे किसनाला अहोरात्र पाहणारी अलका आहे, दिनू आहे, आई आहे. त्यांचे पाहणे हेही श्रमच आहेत, कदाचित शेतीहून जड. अलकाचे जागणे, दोरी दिसली की दचकणे, नवऱ्याला यायला उशीर झाला की उंबऱ्यात उभे राहणे, ही सहनशक्तीची जी दुसरी कथा चित्रपटात चालली आहे तिला नायक नाही. आणि तिच्यासमोर प्रेक्षकाचे फुकट पाहणे उघडे पडते. या चित्रपटाने ‘बळ मिळाले’ असे लिहिता येत नाही. लिहिले गेले ते ‘अस्वस्थ झालो’. म्हणजे क्रियापद बदलले, कर्ता तोच राहिला.

हा सगळा वाद केवळ परिभाषेचा असता तर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु प्रेरणेच्या या भाषेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती विदर्भात सभ्य माणसांच्या तोंडी ऐकू येते: एक माणूस बावीस वर्षे डोंगर फोडू शकतो, हात कापून घळीतून बाहेर येऊ शकतो, मग आपल्या शेतकऱ्याला एवढ्या कर्जापायी जीव का द्यावासा वाटतो? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तो नुकताच एक उत्तम चित्रपट पाहून आलेला असतो. ज्या चौकटीने मांझींना एकटे केले, त्याच चौकटीत तो मेलेल्या शेतकऱ्यालाही एकटा उभा करतो आणि धृतीच्या परीक्षेत नापास ठरवतो. १९७२ पासून राज्याने चालवलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना नव्या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली, ओलिताची सोय नाही, बियाण्या-औषधांचा खर्च सावकाराच्या दारापर्यंत नेतो, हे त्या चौकटीत मावत नाही. २००६ च्या जून-जुलैच्या सांध्यावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातील वायफडलाही गेले, आणि वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा झाली. त्या घोषणेतून काय साधले याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण देशाच्या सरकारला सहा जिल्ह्यांची नावे एका यादीत लिहावी लागली, म्हणजे संकट एकेकट्या मनाच्या दुर्बलतेचे नाही हे तरी तिने मान्य केले होते. आपल्या आस्वादक समीक्षेने अद्याप तेवढेही केलेले नाही.

येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सूट देता येत नाही. असे सर्व चित्रपट बाजारव्यवस्थेची अफू आहेत असे एका वाक्यात सांगून मोकळे होणारी समाजशास्त्रीय समीक्षा चित्रपट पाहतच नाही. तिला आधीच माहीत असते. ‘ट्रॅप्ड’सारखा चित्रपट नीट पाहिला तर दिसते की, त्यातील सदनिका दलालाने परस्पर मिळवून दिलेली आहे, इमारत ओस आहे, आणि लाखो माणसांना घर नसलेल्या शहरात एक माणूस घर मिळाले म्हणूनच मरणाच्या दारी पोहोचतो. हे व्यंग्य चित्रपटातच आहे, दिग्दर्शकाने ठेवलेले आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायला बाहेरून सिद्धांत आणावा लागत नाही. नायकाची तहान ही आपली तहान करून घेणारा प्रेक्षक आणि तहानेकडे ढुंकूनही न पाहणारा समीक्षक, दोघेही त्या इमारतीचे नाव ‘स्वर्ग’ आहे हे विसरतात.

अभ्यासक्रमांची फेररचना सध्या सर्वत्र चालली आहे. साहित्य आणि चित्रपट अशा जोडविषयाच्या अभ्यासपत्रिका नव्याने येत आहेत, त्यांत ‘प्रेरणादायी चरित्रपट’ असा घटक सहज घातला जाईल आणि त्याखाली विद्यार्थ्यांना ‘तुमची प्रतिक्रिया लिहा’ असा प्रश्न येईल. त्याऐवजी ‘एका कोळियाने’ आणि ‘धग’ एकाच घटकात, एकाच आठवड्यात लावता येतील. त्यांच्या जोडीला ‘लता भगवान करे’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ दाखवता येतील, आणि प्रश्न असा घालता येईल की, या चौघांपैकी प्रत्येकाला पाहणारे कोण कोण आहे, आणि त्यांची नोंद संहितेने कोठे ठेवली आहे. सध्या मात्र कोळी अनुवादित साहित्याच्या पत्रिकेत बसतो, कौतिक प्रादेशिक साहित्याच्या, आणि दोन्ही पत्रिका वैकल्पिक असल्यामुळे त्या दोघांची गाठ एकाही विद्यार्थ्याच्या वहीत पडत नाही.